अस्थिकलशावर कोणते चित्र असावे?



नोव्हेंबर महिना आपण मृत विश्वासी जनांच्या स्मरणाला वाहिला आहे. २ तारखेला कबरींवर फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या, तीर्थ शिंपडले आणि आपण घरी परतलो. या महिन्यात आम्ही मरण आणि पुनरुत्थान यांविषयी चार शब्द लिहितो. यंदा घेतलेला विषय मात्र वरवर पाहता अगदी छोटा, बाजारहाटातला वाटेल. दहनानंतर रक्षा ज्या कलशात ठेवायची, त्या कलशावर कोणते चित्र असावे? झाड असावे, उडणारा पक्षी असावा, कमळ असावे, समुद्राची लाट असावी, की काहीच नसावे?

हा प्रश्न आम्ही उकरून काढलेला नाही, तो आमच्या दारी आला. तपशील थोडे बदलून सांगतो. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुण्यात मुलाकडे असताना वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे तेथेच दहन झाले. रक्षा खानदेशात आली आणि घरात तीन मते झाली. मुलगा म्हणाला, बाबा सुट्टीच्या दिवशी तापीकाठी गळ टाकून बसायचे, त्यांना तापीतच सोडू. परदेशात असलेल्या मुलीने मोबाईलवर कलशांची चित्रे पाठवली. तिला त्यांतला मुळे पसरलेल्या हिरव्या झाडाचा कलश आवडला होता. आई म्हणाली, पानाफुलांचे भांडे शोकेसमध्ये शोभेला ठेवतात, मला साधा तांब्याचा कलश हवा, वर क्रूस हवा. बोलणे वाढत गेले, दोघा भावंडांत अबोला धरला गेला आणि शेवटी सर्व जण म्हणाले, ‘फादर, तुम्हीच सांगा.’

अशा वेळी धर्मगुरूने नियम वाचून दाखवावा आणि मोकळे व्हावे, हे सोपे असते. पण नियम सांगितल्याने अबोला सुटत नाही. तिघांच्याही म्हणण्यात काहीतरी खरे होते आणि ते खरे काय होते हे शोधणे आवश्यक होते. म्हणून आज आपण सगळेच त्यावर थोडा विचार करू.

प्रश्न आपल्याला नवा का आहे?

आपल्या शेजाऱ्यांच्या घरी हा प्रश्न बहुधा पडत नाही. हिंदू कुटुंबात तिसऱ्या दिवशी राख सावडतात, अस्थी मडक्यात किंवा तांब्याच्या कलशात घेतात, तोंडाला कापड बांधतात आणि मग नाशिकला रामकुंडावर किंवा तापीकाठी चांगदेव, मुडावद यांसारख्या संगमावर विसर्जन करतात. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे देह पंचमहाभूतांचा बनलेला आहे आणि तो पंचमहाभूतांना परत द्यायचा आहे. तेथे कलश हा रिकामा होण्यासाठीच असतो. जे भांडे आठ-दहा दिवसांत रिकामे व्हायचे, त्यावर चित्र कशाला हवे? त्या रीतीत मोठा आदर आहे आणि तिला आतून एक अर्थ आहे. आपण तिच्याकडे तुच्छतेने पाहू नये.

आपल्या आजी-आजोबांनाही हा प्रश्न पडला नाही. त्यांच्यासाठी पेटी होती, कबर होती, क्रूस होता. १८८६ साली रोमने कॅथोलिकांना दहन करण्यास बंदी घातली होती. त्या काळी युरोपात काही मंडळी पुनरुत्थानावरील श्रद्धेला आव्हान देण्यासाठी मुद्दाम दहनाचा पुरस्कार करीत होती, हे त्या बंदीमागचे कारण. १९६३ साली ही बंदी उठवण्यात आली. १९८३ च्या धर्मकायद्याच्या ११७६ व्या कलमात आजही हेच सांगितले आहे की, दफनाची धार्मिक प्रथा जपावी अशी ख्रिस्तसभेची मनापासून शिफारस आहे. परंतु ख्रिस्ती शिकवणुकीच्या विरोधी हेतूने निवडले नसेल तर दहनाला मनाई नाही.

परवानगी मिळाली तरी आपल्याकडे दहन फारसे होत नसे. मग २०२० साली करोना आला. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने करोनाने मृत्यू पावलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलले. पुढे मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने वांद्र्याच्या दफनभूमीसंबंधीच्या याचिकांवर निकाल देताना, सन्मानाने अंत्यविधी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगून दफनाचा मार्ग मोकळा ठेवला. पण त्या दोन वर्षांत अनेक कॅथोलिक घरांनी प्रथमच आपल्या माणसाची राख हातात घेतली. मोठ्या शहरांतून जागेची टंचाई आहेच. मुंबईत अनेक ठिकाणी कबरी काही काळाने पुन्हा वापरतात आणि हाडे भिंतीतल्या कप्प्यांत ठेवतात. जळगाव-धुळ्याची आपली मुले नोकरीसाठी पुणे, मुंबई, आखाती देश येथे आहेत, आईवडील म्हातारपणी त्यांच्याकडे जातात. दूरवर मृत्यू आला की शवपेटी आणण्यापेक्षा दहन करून रक्षा आणणे सोयीचे पडते.

अशा रीतीने एक भांडे आपल्या जीवनात आले आहे आणि त्यासाठी आपल्याकडे प्रथा नाही. शेजाऱ्यांचा कलश रिकामा होतो, आपला कलश मात्र भरलेलाच ठेवायचा असतो. जे भांडे कायमचे राहणार, ते काहीतरी बोलणार. त्याने काय बोलावे हे आपण ठरवले नाही, तर ते बाजार ठरवतो. बाजाराने झाड, पक्षी, फुलपाखरू, लाट, मावळता सूर्य अशी चित्रे आणून ठेवलीच आहेत.

मडकी बोलतात

मृताच्या भांड्यावर निसर्ग रेखाटणे ही आजच्या बाजाराची कल्पना नव्हे. माणसाने हे हजारो वर्षे केले आहे आणि आपला खानदेशही त्यापासून दूर नाही. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ आणि समोरच्या तीरावर टेकवाडे ही गावे आहेत. तेथे १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळातील दफने मिळाली. मृतांसाठी भाजलेल्या मातीची मडकी वापरलेली होती. पुणे जिल्ह्यात इनामगावला तर लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवले जाई आणि घरातल्याच जमिनीखाली पुरले जाई. त्या आईच्या मनात काय होते हे कोणी लिहून ठेवले नाही. पण लेकराला घरापासून दूर नेऊ नये, एवढे तर त्या मडक्यांवरून आपल्यालाही कळते. आपल्या तापी खोऱ्यात सापडलेल्या सावळदा संस्कृतीच्या भांड्यांवर प्राणी, पक्षी, मासे अशी चित्रे आहेत. ज्या लोकांनी नदीकाठी पोट भरले, त्यांनी नदीकाठचेच जग भांड्यावर काढले.

सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उघडला. एकात एक ठेवलेल्या करंडकांच्या अगदी आत, सोन्याच्या करंडकात, भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे तुकडे आणि त्यांसोबत सोन्याची फुले होती. सोन्याच्या करंडकात मातीचे खापर! ज्याच्यावर प्रेम आहे त्याची वस्तू फुलांत ठेवावी, ही भावना कोणत्याही एका धर्माची नाही.

आता एक गोष्ट बारकाईने पाहा. हडप्पा येथील एका दफनभूमीत मृतांची हाडे ठेवलेली मडकी सापडली, त्यांवर मोर रंगवलेले आहेत. रोममध्ये भुयारी दफनस्थानांत पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकांनी आपल्या मृतांना ठेवले, तेथील भिंतींवरही मोर आहेत. मोराचे मांस कुजत नाही अशी त्या काळी समजूत होती आणि संत ऑगस्टीननेही तिचा उल्लेख केला आहे. म्हणून मोर अमरत्वाची खूण झाला. हडप्पाच्या मोराला काय म्हणायचे होते ते कोणी खात्रीने सांगू शकत नाही, कारण ते लोक काय मानत होते हे आपल्याला वाचता येत नाही. रोमचा मोर मात्र बोलतो, कारण त्याच्या शेजारी नावे आहेत, मासा आहे, नांगर आहे, शांतीचे शब्द आहेत.

यावरून आम्हाला पहिला मुद्दा मांडायचा आहे. चित्र एकटे असते तेव्हा मुके असते. त्याला शब्द मिळतो तो माणसांच्या श्रद्धेतून. म्हणून कलशावर पान दिसले की लगेच ‘हे ख्रिस्ती नव्हे’ म्हणणे चूक आहे. आपली परंपरा द्राक्षवेल, गव्हाची ओंबी, खजुरीची फांदी, जैतुनाची डहाळी घेऊन कबुतर, यांनी भरलेली आहे. केरळात संत थॉमसच्या परंपरेतील जुने क्रूस कमळावर उभे आहेत. प्रभूने रानातली फुले आणि आकाशातली पाखरे दाखवूनच आपल्याला पित्याची काळजी समजावली. सृष्टी ही आपल्या श्रद्धेची शत्रू नाही.

मग अडचण कोठे आहे?

अडचण अशी की, काही चित्रे श्रद्धेने काही म्हणायच्या आतच स्वतः एक उत्तर देऊन टाकतात. माणूस मेल्यावर कोठे गेला, या प्रश्नाचे उत्तर. २०१६ साली रोमच्या श्रद्धाविषयक खात्याने दहनाबाबत जी सूचना दिली, तिच्यात रक्षा हवेत, जमिनीवर, पाण्यात विखरू नये, दागिन्यांत घालू नये, कुटुंबात वाटून घेऊ नये, घरी ठेवू नये, पवित्र ठिकाणी ठेवावी असे सांगितले आहे. कारणही दिले आहे: देव म्हणजेच निसर्ग, किंवा निसर्गापलीकडे काही नाही, किंवा शेवटी सारे शून्य, असा कोणताही भास होऊ नये. कलशावरील चित्रांचा त्या सूचनेत विचार नाही. पण तेच कारण चित्रालाही लावून पाहता येते. तसे आपण एकेका चित्राबाबत करू.

लाट. थेंब समुद्रातून उठला, समुद्रात मिळाला. फार सुंदर कल्पना आहे, आणि आपल्या देशात फार खोल गेलेली आहे. पण समुद्रात मिळालेल्या थेंबाला नाव राहात नाही. आपली श्रद्धा सांगते की मेंढपाळ प्रत्येक मेंढराला नावाने हाक मारतो. ज्याला हाक मारायची तो वेगळा उरला पाहिजे.

उडणारा पक्षी. आपण मराठीत सहज म्हणतो, प्राणपाखरू उडाले. या शब्दात माया आहे, पण त्यात एक तत्त्वज्ञानही लपले आहे: देह पिंजरा आहे आणि खरा माणूस आतले पाखरू आहे. प्लेटोचे म्हणणे साधारण असेच होते. मजेची गोष्ट अशी की, बहुतेकांना हे चित्र सर्वांत ‘धार्मिक’ वाटते. परंतु पिंजरा असेल तर पाखरू उडाल्यावर तो फेकून द्यायला काय हरकत? मग कलश तरी कशाला?

केळ. बाजारातल्या कलशांवर ती आम्ही पाहिली नाही, पण आपल्या मुलखाचे झाड म्हणून आम्ही तिचा विचार केला. केळीला एकदाच घड येतो. घड उतरला की झाड तोडतात, पण बुडाशी पिले आलेली असतात आणि त्यांचा पिलबाग होतो. किती आश्वासक दृश्य! आईबाप जातात, मुले उभी राहतात. पण शांतपणे विचार करा. पिलबाग उभा राहतो, जुनी केळ उठत नाही. वंश चालतो, पण तो माणूस येत नाही. ज्या विधवेने चाळीस वर्षे संसार केला, तिला नातवंडे आहेतच. तिला प्रश्न आहे तो त्या एकाचा.

कडुनिंब, चैत्रातली पालवी, मावळून उगवणारा सूर्य यांचेही असेच आहे. निसर्गात पुन्हा येणे आहे, पण तोच पुन्हा येणे नाही. या वर्षीचे पान गेल्या वर्षीचे पान नसते. पुनरुत्थान हा ऋतू नाही. ते आपोआप होत नाही, ते कोणीतरी करतो. म्हणून निसर्गाचे कोणतेही चित्र पुनरुत्थानाला पुरे पडत नाही. प्रभूने आणि संत पौलाने बीजाचा दाखला दिला, तोही दाखला म्हणूनच. शेतकऱ्याला माहीत आहे की ज्वारीचा दाणा पेरला तर शंभर दाणे येतात. संत पौल करिंथकरांस लिहिताना जोर देतो तो दुसऱ्याच गोष्टीवर: पेरले जाते ते दुर्बळ असते, उठवले जाते ते सामर्थ्यवान; आणि दाण्याला देह देणारा देव आहे. दाणा खोटा नाही, पण तो दारापर्यंत नेतो. दार उघडणे त्याच्या हातात नाही.

म्हणून दुसरा मुद्दा असा: निसर्गाचे चित्र साक्षीदार म्हणून चालते, न्यायाधीश म्हणून चालत नाही. त्याच्यासोबत मृताचे नाव आणि क्रूस असला, तर झाड म्हणते, ‘ज्याने मला पालवी दिली तो यालाही विसरणार नाही.’ नाव नाही, क्रूस नाही, तर तेच झाड म्हणते, ‘हा माणूस आता माझे खत आहे.’

राख म्हणजे कोण?

येथे एखादा शिकलेला तरुण विचारील, ‘फादर, एवढा विचार कशासाठी? ती राख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. जिवंतपणीही शरीरातला माल बदलतच असतो.’ प्रश्न योग्य आहे. संत थॉमस अक्वायनसने करिंथकरांच्या पत्रावर भाष्य करताना स्पष्ट म्हटले आहे की, केवळ आत्मा म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे. देह हा आत्म्याचा अंगरखा नाही. आत्मा आणि देह मिळून एक माणूस होतो. ज्या हातांनी आपल्याला घास भरवला, ते हात म्हणजेच आई होती, आईचे अवजार नव्हते. त्या हातांचे जे उरले त्याला आपण वस्तू म्हणून कसे वागवणार?

आजोबांनी लिहिलेले जुने पत्र घ्या. रसायनशास्त्रज्ञ म्हणेल, कागद आणि शाई. तो खोटे बोलत नाही, त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो बरोबर देतो. पण आपण ते पत्र रद्दीत देत नाही. राखेचेही तसेच. ती कशाची आहे याचे उत्तर प्रयोगशाळा देईल. ती कोणाची आहे याचे उत्तर घर देते.

आणि म्हणूनच ती तापीत सोडण्याच्या विचाराला ख्रिस्तसभा ‘नाही’ म्हणते. नदीत सोडल्याने देवाचे काही अडते म्हणून नव्हे. सन १७७ मध्ये फ्रान्समधील ल्यों शहरात छळ करणाऱ्यांनी रक्तसाक्ष्यांचे देह जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटली. त्यांचे पुनरुत्थान होऊ नये, हाच त्यामागचा हेतू होता. आजही आपण त्या रक्तसाक्ष्यांना मानतो आणि त्यांच्या मध्यस्थीची याचना करतो. नदीने देवाचे हात बांधले नाहीत. नियम आहे तो आपल्यासाठी. जागा राहिली की पाय तिकडे वळतात. नाव राहिले की नातवंडे विचारतात, हे कोण? दोन पिढ्यांनी ज्याला कोणी ओळखत नाही, त्याच्यासाठीही मिस्सामध्ये प्रार्थना होते.

त्या घरी आम्ही मुलाला सांगितले की, बाबांना नदी आवडत होती ही गोष्ट नदीत राख न सोडताही जपता येईल. कलशावर एक मासा काढा. मासा ही तापीची खूण आहे आणि आरंभीच्या ख्रिस्ती लोकांची प्रभू येशूचीही खूण आहे. मुलीला सांगितले की तिच्या झाडात वाईट काही नाही, पण झाडाखाली बाबांचे नाव हवे. आईला सांगितले की त्यांचे म्हणणे तिघांत सर्वांत महत्त्वाचे होते: मृत्यूला शोभेची वस्तू करू नका.

निवड कशी करावी?

या आईच्या बोलण्यावर थोडे थांबू. अनेक नवे कलश इतके सुंदर फुलदाणीसारखे असतात की घरी आलेल्या पाहुण्याला कळूही नये. हाच त्यांचा गुण म्हणून सांगितला जातो. आम्हाला तो दोष वाटतो. दुःख झाकून ठेवले म्हणजे कमी होत नाही. राखेच्या बुधवारी आपण कपाळावर राख उघडपणे मिरवतो. मग आपल्या माणसाच्या राखेला लाजायचे का? मार्थेच्या दुःखात प्रभूने ‘काही झाले नाही’ असे म्हटले नाही, तो रडला, आणि मग त्याने लाझरला हाक मारली. ख्रिस्ती आशा मृत्यूला वळसा घालून जात नाही, त्याच्यामधून जाते.

म्हणून कलश निवडताना तीन प्रश्न विचारावेत. एक, यावर माझ्या माणसाचे नाव आहे का? दोन, हे भांडे मृत्यू झाला आहे हे कबूल करते का? तीन, हे भांडे आशेला जागा ठेवते का? तिन्हींना ‘हो’ असेल तर वर वेल असो, मोर असो, ओंबी असो किंवा सातपुड्यातला पळस असो, निःशंकपणे घ्या. एखाद्याला ‘नाही’ असेल तर कलश सोन्याचा असला तरी घेऊ नका.

राख घालून झाड लावायचे कलशही आता मिळतात. त्यांच्याविषयी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. दहनाची राख फार क्षारयुक्त असते, तिने झाड पोसले जात नाही, उलट कोवळ्या रोपाला ती बाधू शकते. झाड वाढते ते मातीवर आणि पाण्यावर. ‘बाबा झाड झाले’ हे वाक्य श्रद्धेच्या दृष्टीने अपुरे आहेच, शेतीच्या दृष्टीनेही बरोबर नाही. बाबांच्या नावाने झाड जरूर लावा, आपल्या उन्हाळ्यात त्याची सावली कोणाला नको आहे? पण राख दफनभूमीत आणि झाड शेताच्या बांधावर, अशी दोन्ही कामे वेगवेगळी करा.

२०२३ च्या डिसेंबरात रोमने दोन गोष्टींना वाव दिला, त्याही माहीत असाव्यात. अनेकांची रक्षा एका पवित्र सामायिक ठिकाणी एकत्र ठेवता येईल, मात्र प्रत्येकाचे नाव तेथे लिहिलेले हवे. आणि कुटुंबाने योग्य कारणाने मागणी केल्यास, गैरसमजाला जागा नसेल तर, रक्षेचा अगदी थोडा भाग मृताच्या जीवनाशी जोडलेल्या ठिकाणी जपून ठेवण्यास धर्माधिकारी अनुमती देऊ शकतात. दोन्हींत धागा तोच आहे: माणसाचे नाव पुसले जाऊ नये. असे काही मनात असेल तर आधी आपल्या धर्मगुरूशी बोला, परस्पर करू नका.

खर्चाविषयीही बोलले पाहिजे. आपल्याकडे लग्नाची चढाओढ आहे, ती मरणात आणू नका. ज्या दफनभूमीत रक्षेसाठी कप्पे नाहीत, तेथे कलश कुटुंबाच्या कबरीतच पुरता येतो. म्हणजे वरचे चित्र दिसणार मिस्सापुरते आणि प्रार्थनेपुरते, नंतर ते मातीखाली जाणार. वर्षानुवर्षे दिसणार ती दगडावरची अक्षरे. तेव्हा कलशावर कमी खर्च करा आणि दगडावरचे नाव नीट कोरून घ्या. कुंभाराकडचे साधे मडके चालेल, नाशिकच्या तांबटाकडचा कलशही चालेल. संत पौलाने तर आपल्या सर्वांनाच मातीची भांडी म्हटले आहे, आणि आतल्या ठेव्यामुळेच त्यांना मोल आहे असे सांगितले आहे.

आणखी एक विनंती. जिवंतपणी बोला. दफन हवे की दहन, दहन असेल तर रक्षा कोठे ठेवायची, हे घरच्यांना सांगून ठेवा. ते अशुभ नाही. मुलांना बापाच्या मरणानंतर बापाचे मन ओळखण्याची परीक्षा द्यावी लागते आणि त्यात ती एकमेकांची शत्रू होतात. दोन ओळींच्या चिठ्ठीने हे टळते.

शेवटी, ज्यांच्यासाठी हा प्रश्नच उद्भवला नाही, त्यांची आठवण करू. मत्तयच्या शुभवर्तमानात आहे की यहूदाने परत टाकलेल्या पैशांनी परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत विकत घेतले गेले. जगात अशी शेते पुष्कळ आहेत. करोनाच्या काळात कितीतरी जणांची राख घ्यायला कोणी येऊ शकले नाही. रेल्वे मार्गावर, इस्पितळात, रस्त्याच्या कडेला बेवारस म्हणून नोंदवले गेलेले असतात, त्यांना कलश नाही, चित्र नाही, नावही नाही. आपण जे नाव इतक्या काळजीने कोरतो ते आपण विसरू म्हणून कोरतो. देवाला त्याची गरज नाही, त्याच्याकडे ते आधीच लिहिलेले आहे. या नोव्हेंबरात घरी आपल्या माणसांसाठी प्रार्थना कराल, तेव्हा एक ‘हे आमच्या बापा’ त्या बिननावाच्या भावंडांसाठीही म्हणा.

प्रभू त्या सर्वांना सार्वकालिक विसावा देवो.

आपल्या सेवेत,
आपले धर्मगुरू